न्हाणीघरातले लांब केस

दोन मिनिटं आणि एक वाक्य

मला कॅन्सर झालाय हे घरात सर्वांत शेवटी मला कळलं, असं मी कितीतरी महिने धरून चालले होते. ते तसं नव्हतं, हे आता मला माहीत आहे. पण ही हकीकत लिहिताना त्या त्या वेळी जे वाटलं तेच लिहायचं ठरवलंय. आजारापेक्षा त्या वाटण्यानेच मला जास्त छळलं. तुमच्यापैकी कुणी आज त्याच खुर्चीवर बसलेलं असेल, तर निदान आपण एकटेच असे वेडे नाही, एवढं तरी कळेल.

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन चेन्नईला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. माझा नवरा राघव इथल्या तंजावूर मराठी घराण्यातला, चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला. आम्ही तिथल्याच सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही आक्का म्हणतो, आणि बारावीतली मुलगी मधुरा. मी जवळच्याच शाळेत गणित शिकवते. क्वार्टरमध्ये साऱ्या देशातली माणसं, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरात मराठी. त्यामुळे एकोणीस वर्षांत माझं तमिळ भाजी आणि बस यांच्या पलीकडे फारसं गेलंच नाही. कुणी भरभर, हळू आवाजात बोललं की माझ्या हाती चारदोन शब्द लागतात, बाकीचे निसटतात.

आंघोळ करताना गाठ लागली, सुई घालून तुकडा काढला, आणि आठवड्याने आम्ही दोघं रिपोर्टसाठी डॉक्टरबाईंसमोर बसलो. बाईंनी कागद वाचला. मग माझ्याकडे न बघता राघवकडे बघितलं. राघवने खुर्ची पुढे ओढून तमिळमध्ये काहीतरी विचारलं. बाई बोलल्या, तो बोलला, पुन्हा बाई बोलल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत होते, म्हणून सांगते, चांगली दोन मिनिटं झाली. मग बाई माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत एक वाक्य म्हणाल्या. हा स्तनाचा कॅन्सर आहे, वेळेत सापडलाय, आधी केमो देऊ आणि मग ऑपरेशन करू, काळजी करू नका.

मी गणिताची बाई आहे. मुलांनी मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिलं की मी गुण कापते. दोन मिनिटांचं एक वाक्य झालं होतं. मधल्या पायऱ्या कुठे गेल्या?

रिक्षात बसल्यावर विचारलं, "काय बोलत होता तुम्ही?"

"तेच गं. ट्रीटमेंटचं."

"दोन मिनिटं?"

"सुलभा, आत्ता नको ना." एवढं बोलून तो रस्त्याकडे बघत बसला.

माझ्या कानात त्या बोलण्यातले दोन शब्द अडकले होते. एक 'पोण्णु'. मुलगी, बाई, दोन्हीसाठी हा शब्द मी ऐकलेला होता. आणि दुसरा 'सोल्लादीन्ग', म्हणजे सांगू नका. मी माझ्यापुरतं वाक्य जुळवून टाकलं. या बाईला सांगू नका.

पाळत

त्या दिवसापासून मी घरावर पाळत ठेवू लागले. दुसरा शब्द नाही त्याला.

फाइल राघव आपल्या कपाटात ठेवायचा. तो आंघोळीला गेला की मी ती काढून पानं मोजायचे. आधीच्या वेळेपेक्षा एखादं कमी तर नाही ना? रिपोर्टातल्या प्रत्येक आकड्यापुढे मी पेन्सिलीने ठिपका द्यायचे, म्हणजे कुणी कागद बदलला तर कळावं. फोनवर तो तमिळमध्ये बोलायला लागला की मी स्वयंपाकघरातला नळ बंद करायचे. आक्का शेजारच्या बाईंशी बोलता बोलता मी आले की गप्प व्हायच्या. कदाचित नेहमीच तशा गप्प होत असतील. पण माझं लक्ष आताच जायला लागलं होतं.

जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी ऐकलेले तमिळ शब्द देवनागरीत लिहून ठेवत असे. 'बयम' म्हणजे भीती. 'पावम' म्हणजे बिचारी. हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा आला.

आक्का मला जवळ घेऊन म्हणायच्या, "तुज काय होणार नाही गं. देव आहे की." तंजावूरची मराठी तशीच जुन्या वळणाची. लग्नानंतर मला तिचं किती कौतुक वाटायचं! आता मला वाटायचं, यांना कसं माहीत काही होणार नाही म्हणून? एवढ्या खात्रीने माणूस खोटं असेल तेव्हाच बोलतो.

पिशवीत नुसतं पाणी असेल तर?

केमो घ्यायला दर तीन आठवड्यांनी जायचं. मोठा हॉल, ओळीने मागे कलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाइनचा खांब. सकाळी रक्त तपासायचं, रिपोर्ट येईपर्यंत ताटकळायचं, मग हाताला सुई आणि चार-पाच तास थेंब मोजत बसायचं. एसी इतका गार की सगळ्या बायका पदराखाली हात घालून बसायच्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर चेन्नईजवळच्या कोवलमची सेल्वी असायची. मासे विकणारी, माझ्याच वयाची, आवाज खणखणीत. माझं तमिळ कच्चं आहे हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि मग एकेक शब्द तोडून, हातवारे करून बोलायला लागली. सगळ्या शहरात माझ्याशी हळू बोलणारी ती एकटीच होती. मी दुसऱ्या केमोला गेले तेव्हा तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"तुझे?" तिने माझ्या वेणीकडे बोट दाखवलं.

"नाही गेले."

"किती दिवस झाले?"

"एकवीस."

तिने भुवया उंचावल्या. "माझे पंधराव्या दिवशी गेले."

ती सहज बोलून गेली. माझ्या डोक्यात मात्र लगेच हिशेब सुरू झाला. माझे केस जात नाहीत, म्हणजे औषध लागू पडत नाही. किंवा मला औषध देतच नाहीत. काही उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, मला बरं वाटावं म्हणून पिशवीत नुसतं पाणी भरून लावतायत. आज हे लिहितानाही लाज वाटते. पण तेव्हा मी खरोखर सिस्टरला हाक मारली आणि पिशवीवरचं लेबल दाखवा म्हणून हटून बसले.

सिस्टर तरुण होती, केरळची असावी. तिने कपाळाला आठी घातली नाही. पिशवी खांबावरून काढली, लेबल माझ्यासमोर धरलं, नाव, औषध, तारीख बोटाने दाखवली, आणि मी वाचून होईपर्यंत थांबली. त्यानंतर प्रत्येक वेळी, मी न सांगता, ती पिशवी लावताना लेबल माझ्याकडे वळवून ठेवायची. त्या सगळ्या महिन्यांत माझा ज्यावर पूर्ण विश्वास बसला अशी ही एकच गोष्ट.

आणि केस? ते त्याच आठवड्यात गेले. शुक्रवारी सकाळी वेणी घालायला घेतली आणि तीन पेडांतला एक हातात आला. दुखलं नाही. ओल्या मातीतून गवत उपटून यावं तसा अलगद आला. क्षणभर मला आनंद झाला. औषध खरं आहे! आणि मग आरशात बघितलं, आणि जमिनीवर बसले.

मागचा व्हरांडा

गाठ काढली की ती अंगात घेऊन फिरावं लागत नाही, ऑपरेशनचा व्रण कपड्याखाली राहतो. केसांचं तसं नसतं. कॅन्सर झालाय हे मला कागदावरून कळलं होतं, पण मला कॅन्सर झालेला दिसला तो केस गेल्यावर. तोवर आरशातली बाई थकलेली मी होते. आता तिथे एक रुग्ण उभी होती.

शनिवारी सकाळी राघवने मागच्या व्हरांड्यात खुर्ची मांडली आणि दाढीच्या मशीनने उरलेले केस काढले. मशीन मानेजवळ आल्यावर तो थांबला आणि आत जाऊन चेहरा धुऊन आला. मी त्यावरही विचार केला. दुःख झालं म्हणून गेला, की किळस आली म्हणून?

मधुरा तिच्या खोलीत होती. दार बंद. मी दारावर टकटक केलं, तर आतून आवाज आला, "आई, प्लीज, आत्ता नको. टेस्ट आहे माझी." संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा माझ्या डोक्याकडे न बघता माझ्या खांद्याकडे बघत बोलली. त्यानंतर कितीतरी दिवस ती तशीच बोलायची. माझी मुलगी, जी लहानपणी माझी वेणी हातात धरून झोपायची, तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात राघव विग घेऊन आला. चांगला होता, खांद्यापर्यंत.

"कुणासाठी आणलात?" मी विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? तुझ्यासाठीच."

"मला नकोय. तुम्हाला लाज वाटत असेल तर तसं सांगा."

तो खोका टेबलावर ठेवून कामावर निघून गेला. विग मी दोनदा घातला. चेन्नईच्या उकाड्यात दहा मिनिटांत आतून घामाच्या धारा लागल्या. मग मी सुती रुमाल बांधायला लागले.

तिरुत्तणी

"कुणी विचारलं तर सांग, तिरुत्तणीला जाऊन आले," सेल्वीने मला शिकवलं होतं. "मी तेच सांगते. लोक हात जोडतात."

तिचं खरं होतं. इथे तिरुत्तणीच्या मुरुगनला नाहीतर बालाजीला केस वाहणाऱ्या बाया कमी नाहीत. बोडक्या डोक्याची बाई दिसली की लोकांना आधी नवस आठवतो. आवडीहून जाणाऱ्या उपनगरी गाडीत, दुपारच्या रिकाम्या डब्यात, रुमाल घसरला की समोरची बाई प्रेमाने विचारायची, "मोट्टै? तिरुत्तणी?" म्हणजे, मुंडन केलंत का? आणि मी मान डोलावायचे. कुणी सरकून जागा द्यायचं, एका आजीने तर माझ्या हाताला हात लावून स्वतःच्या डोळ्यांना लावला. मी खोटी भक्त झाले होते, आणि खरं सांगायचं तर त्या खोटेपणात मला आराम होता. त्या डब्यात मी 'पावम' नव्हते.

चौथ्या केमोनंतर तेही संपलं. एक बाई अशीच मायेने बघत होती. बघता बघता तिची नजर माझ्या कपाळावर आली आणि तिथेच थांबली. मग तिने शेजारी बसलेल्या नातीला हळूच आपल्या दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं.

घरी येऊन आरशात बघितलं. माझ्या भुवया गेल्या होत्या. तिरुत्तणीला कुणी भुवया वाहत नाही.

केस कुणाचे?

घरातली कुजबुज त्याच सुमारास वाढली. हे मात्र माझ्या मनाचे खेळ नव्हते. रविवारी सकाळी आक्का मधुराच्या केसांना तेल लावून द्यायच्या, हॉलमध्ये, टीव्हीसमोर, वर्षानुवर्षं. आता ते मागच्या खोलीत सुरू झालं, दार लावून. मी दाराशी गेले की आतलं बोलणं थांबायचं. मधुरा दोन वेण्या घालायची ते बंद करून एका बाजूला आंबाडा बांधायला लागली. मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून हिला केस लपवायला सांगितलंय. म्हणजे माझे आता फार दिवस उरले नाहीत, असंच यांनी धरलेलं दिसतंय.

एका गुरुवारी मी शाळेतून लवकर आले. अर्धा दिवसच जायचे तेव्हा. हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले तर पाणी तुंबलेलं. जाळी उचलली. खाली केसांचा पुंजका होता. काळे, लांब, तेलाने चिकटलेले. मूठभर.

मी तो हातात घेऊन तशीच उभी राहिले. आधी मनात आलं, माझेच असतील, जुने. पण जाळी मी दर आठवड्याला साफ करत होते, आणि माझ्या डोक्यावर एक केस उरलेला नव्हता. आक्कांचे पांढरे, बोटभर. राघवला टक्कल.

मधुरा.

कॅन्सरचं आणि केसांचं नातं माझ्या डोक्यात त्या महिन्यांत इतकं घट्ट झालं होतं की दुसरा विचार सुचलाच नाही. केस औषधाने जातात, रोगाने नाही, हे मला दहा वेळा सांगितलेलं होतं. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं, की माझ्या मुलीचे केस गळतायत आणि घरातले सगळे ते माझ्यापासून लपवतायत. म्हणजे तिलाही झालंय. तिला औषध चालू आहे. कुठे? कधी? मी केमोच्या खुर्चीत असताना?

मी ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेले. आक्का चिंच कोळत होत्या.

"हे काय आहे?"

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"किती दिवसांपासून? बोला ना! मला वेडी समजता का तुम्ही सगळे? माझ्या मुलीला काय झालंय?"

"हळू बोल गं. लेकरू आत आहे."

"हळू बोलून बोलूनच हे झालंय!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या क्वार्टरमधला मिक्सर बंद झाला.

मधुरा बाहेर आली. माझ्या हातातला पुंजका बघून तिने आजीकडे बघितलं. आक्कांनी मान खाली घातली. मग ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने आंबाडा सोडला. डाव्या कानाच्या मागे, लिंबाच्या चकतीएवढा, एकही केस नसलेला गुळगुळीत गोल होता. त्याच्या खाली आणखी एक, लहान.

"आई," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "मला पण झालंय का?"

मधल्या पायऱ्या

तिला मी खाली बसवलं. ती रडत रडत, मराठी, तमिळ, इंग्रजी सगळं एकत्र करून बोलली. तिचं म्हणणं मी माझ्या भाषेत लिहिते.

माझ्या रिपोर्टच्या दिवशी संध्याकाळी अप्पा, म्हणजे राघव, आजीशी बोलत होते, ते तिने ऐकलं होतं. अप्पांनी डॉक्टरांना विचारलं होतं, आमची एक मुलगी आहे, तिला होईल का? आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या, आत्ताच सांगता येत नाही, आईची एक तपासणी करून बघू. त्यानंतर मधुरा रोज आंघोळीच्या वेळी गाठ शोधायची. रोज. आणि एक दिवस केस गळायला लागले. आईचे केस गेले आणि मग माझे, म्हणजे सुरुवात झाली, असं तिने धरलं. माझ्या डोक्याकडे ती बघायची नाही, कारण तिथे तिला स्वतःचं डोकं दिसायचं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला आधीच एवढं होतं. आज्जीने प्रॉमिस घेतलं."

आक्कांनी पदराने डोळे पुसले. "मज वाटलं, तेल लावलं की येतील. तुज कशाला त्रास आणीक?"

राघव संध्याकाळी आला तेव्हा आम्ही तिघी हॉलमध्ये बसलो होतो, मधुरा केस मोकळे सोडून. त्याला तो गोल माहीत नव्हता. त्याने तो बघितला आणि बॅग हातातच ठेवून खाली बसला.

"त्या दिवशी डॉक्टरांना 'सोल्लादीन्ग' कुणाला सांगू नका म्हणालात?" मी विचारलं.

त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "तुलाच. मी मधुराबद्दल विचारलं, हे तुला सांगू नका म्हणालो."

"का?"

"डॉक्टरांनी कॅन्सर शब्द उच्चारला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न पोरीचा निघाला. तुझा नाही. तुला कळलं असतं तर तुला काय वाटलं असतं?"

चार महिने मी या माणसाची फाइल चोरून वाचत होते. मला काय वाटलं असतं? मला वाटलं असतं, मीही पहिला प्रश्न तोच विचारला असता.

हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. आधी भांडले. पोटभर भांडले. लपवलंत म्हणून, विग आणलात म्हणून, रिक्षात रस्त्याकडे बघत बसलात म्हणून. तोही भांडला. "तू पानं मोजतेस ते मला माहीत नाही का? पेन्सिलीचे ठिपके दिसत नाहीत का मला?" मधुरा म्हणाली, "अप्पा, ठिपके काय?" आणि मी सांगितल्यावर ती हसायला लागली, नाक वाहत असताना. घरात कुणी हसल्याचा तो आवाज मला अनोळखी वाटला.

चाई

त्वचेच्या डॉक्टरांकडे मी स्वतः तिला घेऊन गेले. डोक्याला रुमाल, भुवया पेन्सिलीने काढलेल्या. त्यांनी भिंगातून तो गोल बघितला आणि मला विचारलं, "तुमच्यात याला काय म्हणतात?"

"चाई," मी म्हणाले. सोलापुरात आमच्या गल्लीत एका मुलाला पडली होती. इतके दिवस मला तो शब्दच आठवला नव्हता.

त्यांनी मधुराला समजावलं. हा कॅन्सर नाही. कॅन्सरची सुरुवात नाही. आईच्या केस जाण्याशीही याचा संबंध नाही, तिचे औषधाने गेले. यात शरीर स्वतःच्याच केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्यावर उठतं. फार ताण आला की काहींना असं होतं, काहींना कारण सापडतच नाही. बहुतेकदा परत येतात.

शरीर आपल्याच माणसांना परकं समजतं. हे ऐकताना मी मधुराकडे बघितलं नाही, आमच्या घराचा विचार करत बसले.

चाईत छोट्या सुया देतात. मधुरा पहिल्या वेळी घाबरली, तेव्हा मी तिचा हात धरला. पुढच्या माझ्या केमोला ती हट्टाने बरोबर आली. सेल्वीने तिला बघताच खुर्चीवरून हाक मारली, तिचा आंबाडा सोडायला लावला, गोल बघितला आणि म्हणाली, "एवढंच? मी बघ." आणि स्वतःच्या डोक्यावर टपली मारून दाखवली. मधुराने माझ्यासाठी भाषांतर केलं, प्रत्येक शब्द, एकही न गाळता. मी तसं बजावलं होतं.

तपासणी

डॉक्टरबाईंनी सांगितलेली ती तपासणी मी करून घेतली. आईकडून मुलीकडे जाणारा दोष रक्तात आहे का, ते बघतात. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस माझ्या सगळ्या आजारपणातले सर्वांत वाईट होते, केमोपेक्षा आणि ऑपरेशनपेक्षाही. तोवर मी स्वतः मरेन की काय याला भीत होते. आता भीती वाटत होती ती मी तिला काय दिलंय याची.

रिपोर्ट घ्यायला आम्ही चौघं गेलो. आक्कासुद्धा. बाईंच्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या, म्हणून मधुरा माझ्या पाठीशी उभी राहिली. बाईंनी पाकीट उघडलं. मी म्हणाले, "माझ्याकडे द्या." त्यांनी दिलं. मी वाचलं, मग मधुराला दिलं. जे शोधत होते ते सापडलेलं नव्हतं. "याचा अर्थ तिला कधीच होणार नाही असा नाही," बाई म्हणाल्या, "पण जी भीती धरून तुम्ही आलात ती मनातून काढा."

राघवने तमिळमध्ये काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न मराठीत मला विचारला. मी तो इंग्रजीत बाईंना विचारला. वेळ लागला, पण झालं.

आता

ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं. माझे केस आलेत, पण पूर्वीचे नाहीत. राखाडी, कुरळे, हात फिरवला की मेंढीसारखे लागतात. मधुराच्या गोलात आधी पांढरी लव आली, मग काळे केस. लहान गोल अजून पूर्ण भरलेला नाही. ती कॉलेजला जाते आणि केस जसे हवे तसे बांधते. सेल्वीचा आजार मात्र परत आलाय. तिचं औषध पुन्हा सुरू झालंय. मी कोवलमला जाऊन आले. ती खाटेवर बसली होती, मला जाळं विणणारी माणसं दाखवत होती आणि तसंच हळूहळू, शब्द तोडून बोलत होती. यापेक्षा वेगळं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझा संशय गेला का? नाही. पाठ दुखली की मला हाडांत गेलं असं वाटतं. खोकला आला की फुप्फुसांत. दर तपासणीच्या आधीचा आठवडा मी कुणाशी धड बोलत नाही. हे सगळ्यांना होतं असं म्हणतात. ज्यांना हे होणार आहे त्यांना मी एकच सांगेन. तुम्हाला घरात काहीतरी लपवलं जातंय असं वाटत असेल, तर बहुतेक ते लपवलं जात असतंच. पण ते तुमच्याबद्दलच असेल असं नाही. विचारा. ओरडून विचारावं लागलं तरी विचारा.

गेल्या रविवारी मधुरा माझ्या केसांना तेल लावत होती. बोटभर केसांना लावायचं तरी किती? तिचा हात मध्येच थांबला.

"आई, तुला परत काही झालं तर मला सांगशील?"

"सांगेन."

"आधी? अप्पांच्या आधी?"

"आधी."

ती समोर येऊन बसली, तेलकट हात गुडघ्यांवर ठेवून, आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागली. डोळे, ओठ, पुन्हा डोळे. मी खरं बोलतेय का ते तपासत होती. तिचा पूर्ण विश्वास बसलेला नव्हता.

मी मान वळवली नाही. तिला हवा तेवढा वेळ बघू दिलं.